कच्चतीवूचे चर्च आणि कराराचे एक कलम

रामेश्वरम् आणि जाफना यांच्या दरम्यान, पाल्कच्या सामुद्रधुनीत, कच्चतीवू नावाचे बेट आहे. क्षेत्रफळ अवघे 285 एकर. गोडे पाणी नाही, म्हणून गाव-वस्तीही नाही. तरीही तेथे एक चर्च आहे, संत अँथनीचे.

तमिळ किनाऱ्यावर ख्रिस्ती धर्म रुजला तो मुख्यतः दर्यावर्दी लोकांत. ज्यांचे शव आज जुन्या गोव्यात आहे ते संत फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्याहून याच किनाऱ्यावर मोती काढणाऱ्या लोकांत गेले होते. कच्चतीवूचे चर्च मात्र कोणा बिशपने नव्हे, तर विसाव्या शतकाच्या आरंभी रामनाडकडील एका मच्छीमाराने बांधले, असे सांगतात. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तेथे यात्रा भरते. दोन्ही किनाऱ्यांचे लोक होड्यांतून येतात, दोन्हीकडचे पाद्री तमिळमध्ये मिस्सा करतात. संत एक, भाषा एक, समुद्रही एक.

जून 1974 मध्ये इंदिरा गांधी आणि सिरिमावो भंडारनायके यांच्या करारान्वये बेट श्रीलंकेकडे गेले. परंतु पाचव्या कलमात भारतीय मच्छीमारांना आणि यात्रेकरूंना पूर्वीप्रमाणेच बेटावर येण्याची मुभा राहिली. त्यासाठी व्हिसा नको, प्रवासाची कागदपत्रेही नकोत. दोन राष्ट्रांच्या सरहद्दीवर भाविकाला अशी वाट ठेवणारी उदाहरणे थोडीच असतील!

मग दुखते कोठे? बेटावर येता येईल असे त्या कलमात लिहिले, पण मासे धरता येतील असे लिहिले नाही. ही मुभा विश्रांती, जाळी वाळवणे आणि यात्रा एवढ्यापुरतीच, असा अर्थ पुढे लावला गेला. आणि 1976 च्या समझोत्याने एकमेकांच्या पाण्यातील मासेमारीच बंद झाली. म्हणजे मच्छीमाराने प्रार्थनेला यावे, पण जाळे टाकू नये! जो संत त्याच्या होडीचा राखणदार, त्याच्या दारात होडी रिकामी आणावी, हा कोणता न्याय?

अर्थात दुसरी बाजूही आहे. भारतीय ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून नेतात, त्यात उत्तर श्रीलंकेतील गरीब तमिळ मच्छीमाराचे नुकसान होते. 1983 पासून 2009 पर्यंतच्या यादवीने त्याला आधीच नागवले होते. त्याची तक्रार खोटी म्हणता येणार नाही.

डिसेंबर 2016 मध्ये तेथे नवे चर्च उभे राहिले. पण 2024 मध्ये आपल्या सहकाऱ्यांना झालेल्या शिक्षेच्या निषेधार्थ रामेश्वरम्‌च्या मच्छीमारांनी यात्रेवरच बहिष्कार घातला. कागदावर दार उघडे होते, पण जाणाऱ्यांचे मन उरले नव्हते.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी करार-कायदा पाठ करतो, तो परीक्षेपुरता. कच्चतीवू त्याचा खरा धडा देते. सरहद्द आखणाऱ्यांनी माणसाची श्रद्धा लेखी नोंदवली, हे त्यांचे मोठेपण. पण त्याची भाकरी मोघम सोडली, ही त्यांची चूक. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला हे निराळे सांगायला नको. रेषा कोठे ओढली यापेक्षा, रेषेच्या दोन्ही बाजूंच्या माणसांसाठी काय लिहून ठेवले, हे अधिक महत्त्वाचे आहे. आता नवा समझोता व्हायचा असेल तर तो दोन्ही किनाऱ्यांच्या मच्छीमारांना एकत्र बसवून व्हावा. आणि त्या बैठकीला कच्चतीवूच्या यात्रेहून अधिक योग्य जागा कोणती?