मार्करच्या खोक्यावर रंगाचं आयुष्यही छापा

मुलांना वाढदिवसाला द्यायच्या भेटींत गेल्या काही वर्षांत एका वस्तूने चांगलाच जम बसवला आहे. ती म्हणजे दोन टोकांच्या अल्कोहोल मार्करचा मोठा संच. काळी चेनची पिशवी, आत साठ, ऐंशी, नाहीतर एकशेवीस मार्कर उभे रचलेले, आणि वेष्टनावर रंगांची संख्या ठळक आकड्यांत. हे रंग उजेडात किती टिकतील, शाई संपल्यावर पुन्हा भरता येईल का, झिजलेलं टोक बदलून मिळेल का, याबद्दल मात्र स्वस्त संचांवर सहसा काही लिहिलेलं नसतं. गिऱ्हाइकाने दुकानात नेमकं हेच विचारायला हवं, आणि उत्पादकांनी ते न विचारता छापायला हवं.

या आग्रहाला कारण आहे. शाई ढोबळमानाने दोन प्रकारची असते. एकीत रंग द्रवात पूर्ण विरघळलेला असतो, ती डायची शाई. दुसरीत न विरघळणारे अतिबारीक रंगकण असतात, ती पिगमेंटची. अल्कोहोल मार्करमध्ये जवळपास नेहमी डाय वापरतात. त्यामुळेच दोन छटा एकमेकींत अलगद मिसळतात आणि फटकारे दिसत नाहीत. पण उजेडापुढे बहुतेक डाय फार काळ तग धरत नाहीत, आणि महाग मार्कर घेतल्याने यातून सुटका होत नाही. जपानच्या टू कंपनीने १९८७ साली आणलेले कॉपिक मार्कर व्यावसायिक चित्रकारांच्या पसंतीचे आहेत, तरी त्यांचाही रंग उन्हात उडतो. तिथे जास्तीचे पैसे पडतात ते बाटलीतून पुन्हा भरता येणाऱ्या शाईचे, चिमट्याने बदलता येणाऱ्या टोकाचे आणि सुटा मार्कर मिळण्याच्या सोयीचे. ते पैसे वाया जात नाहीत. एकदा घेतलेलं नळकांडं वर्षानुवर्षं चालतं. स्वस्त संचातलं सुकलं की थेट कचऱ्यात जातं.

रंग उडणं ही किरकोळ बाब नाही. व्हॅन गॉगने १८८८ साली रंगवलेल्या आपल्या शयनगृहाच्या भिंती आज निळ्या दिसतात. मुळात त्या जांभळट होत्या; मिश्रणातला तांबडा उडाला आणि निळा मागे राहिला. याउलट पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद पाहावेत. बोरूने, काजळाच्या शाईने लिहिलेली ती अक्षरं दोन-अडीचशे वर्षांनंतरही काळीभोर आहेत. काजळ म्हणजे कार्बन, आणि कार्बन हा अस्सल पिगमेंट. उजेडाने तो फिका पडत नाही.

घरच्या घरी याची परीक्षा घेता येते. जाड कागदावर प्रत्येक मार्करचा बोटभर रुंद पट्टा ओढायचा, शेजारी त्याचा क्रमांक लिहायचा, प्रत्येक पट्ट्याच्या अर्ध्या भागावर काळा पुठ्ठा घट्ट चिकटवायचा आणि कागद उन्हाच्या खिडकीला लावून ठेवायचा. महिना-दोन महिन्यांनी पुठ्ठा काढला की झाकलेला आणि उघडा भाग यांतली रेघ कित्येक रंगांत स्पष्ट दिसते. गुलाबी, जांभळे आणि झगझगीत फ्लोरोसंट रंग सहसा आधी मान टाकतात. हा कागद पुढे रंग निवडताना कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त कामाला येतो.

'मूल आहे, खेळू दे, चित्र कुठे जपून ठेवायचंय?' हा प्रश्न रास्त आहे. पण नुसतं खेळायचं असेल तर धुतले जाणारे साधे स्केचपेन पुरतात आणि खिशालाही परवडतात. खरा प्रश्न जरा मोठ्या मुलांचा आहे. आज सोळा-सतरा वर्षांची मुलं इन्स्टाग्रामवर ऑर्डर घेऊन व्यक्तिचित्रं, बुकमार्क, नावाच्या पाट्या करून विकतात. ते चित्र काच लावून दिवाणखान्यात उन्हासमोर टांगलं जाणार असेल, तर घेणाऱ्याला ते फिकं पडेल हे आधी सांगायला हवं. चित्र पुरं होताच चांगला स्कॅन करावा, आणि जमल्यास पिगमेंट शाईची छापील प्रत द्यावी. त्यात कलाकाराचं नावही राखलं जातं.

बाह्यरेषांच्या बाबतीत निवड सोपी आहे, कारण पिगमेंट शाईचे फाइनलायनर सहज मिळतात. जपानच्या सकुरा कंपनीची पिग्मा शाई १९८२ साली आली. ती वाळली की पाण्याने पसरत नाही, अल्कोहोल मार्कर फिरवला तरी फुटत नाही. जेल पेनची रेघ मात्र अनेकदा फुटते आणि पिवळ्या मार्करचं टोक कायमचं काळवंडतं. विद्यार्थ्यांचा गोंधळ उडतो तो आकड्यांवरून. सकुराच्या पेनावर ०१ लिहिलेलं असलं तरी रेघ ०.२५ मिलिमीटरची पडते, ०५ची ०.४५ आणि ००५ची ०.२० मिलिमीटर.

या पेनांचा घात होतो तो बॉलपेनने लागलेल्या दाबण्याच्या सवयीमुळे. फाइनलायनरचं टोक म्हणजे धातूच्या नळीतून जेमतेम डोकावणारी प्लॅस्टिकची काडी. जोर दिला की ती आत जाते, मग नळीची कड कागद खरवडते आणि शाई भरलेली असूनही पेन निकामी होतं. ऑइल पेस्टल किंवा मेणाच्या खडूवरून फिरवलं तर टोकात मेण भरून शाई अडते. ओल्या रंगावर तर ते टेकवूच नये.

दोन टोकांचे मार्कर आडवे ठेवावेत, म्हणजे शाई दोन्हीकडे सारखी राहते. म्हणजे संचासोबत येणारी उभी पिशवीसुद्धा आडवी करूनच ठेवायला हवी. टोपण 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबावं. अर्धवट बसलेल्या टोपणातून अल्कोहोल उडून जातं. उन्हात उभ्या गाडीत मार्कर विसरू नयेत. कागदही पाहून घ्यावा. साधा कार्ट्रिज पेपर शाई भराभर शोषतो, रंग कडेबाहेर पसरतो आणि मार्कर लवकर रिकामा होतो. मार्करसाठीचा गुळगुळीत कागद महाग वाटला तरी शाईत पैसे वाचवतो.

एकशेवीस रंगांच्या संचाऐवजी त्याच पैशांत जितके येतील तितके पुन्हा भरता येणारे सुटे मार्कर घ्यावेत, मग ते आठच का असेनात. दोन-तीन राखाडी छटा, एक गव्हाळ, एक निळा, एक पोपटी आणि सोबत काळा पिगमेंट पेन एवढ्यावर नवशिक्याचं वर्षभर सहज निभतं. एकावर एक थर देऊन छटा गडद करण्याचा हात अशा मोजक्या रंगांतच बसतो. गेरूच्या पार्श्वभूमीवर वारली काढायची हौस असेल तर पांढरा पोस्का घ्यावा. तो पाण्यातल्या पिगमेंटचा पेंट मार्कर आहे. टोपण लावून हलवायचा आणि टोक रद्दी कागदावर दाबून रंग उतरवायचा, की काम सुरू.

रंगाचा टिकाऊपणा छापणं अवघड नाही. दर्जेदार जलरंगांच्या ट्यूबवर तशी खूण असते, आणि रंग उजेडात किती तग धरतो हे १ ते ८ अशा श्रेणीत मोजणारी ब्लू वूल पट्टी जगभर वापरली जाते. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईच्या धंद्यातून उभं केलेलं कॅमलिन आज जपानी कोकुयोच्या हाती आहे. शाईची एवढी जुनी परंपरा असलेल्या या कंपनीने पुढाकार घेऊन प्रत्येक मार्करवर ही श्रेणी छापली, तर बाकीच्यांनाही ती छापावी लागेल.