'आफ्रिकन क्वीन'वर आफ्रिकन कुठाय?

'आफ्रिकन क्वीन' परवा पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोट धरून हसलो होतो. याही खेपेला हसलो. पण या खेपेला हसता हसता घशात काहीतरी अडकलं. ते काय, एवढंच सांगायचंय.

जॉन ह्यूस्टनचा १९५१ सालचा सिनेमा. काळ १९१४, मुलूख जर्मन पूर्व आफ्रिका. मिशनरी भावाची बिनलग्नाची बहीण रोझ, म्हणजे कॅथरिन हेपबर्न. मोडक्या बोटीवरचा मेकॅनिक चार्ली, म्हणजे हम्फ्री बोगार्ट. महायुद्ध पेटतं. दोघं नदी उतरतात, भांडतात, प्रेमात पडतात आणि जर्मन युद्धनौका बुडवायला निघतात.

चार्ली आपल्याला आवडतो. का नाही आवडणार? ऑइलानं माखलेला, दाढी वाढलेला कामकरी माणूस. पाद्रीसाहेबाच्या टेबलावर चहाला बसतो आणि त्याचं पोट गुरगुरायला लागतं. तो ओशाळतो. बहीणभाऊ ऐकलंच नाही असं दाखवतात. सभ्य घरात ओशाळून बसणं काय असतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. बोगार्टला या कामाचं ऑस्कर मिळालं, वाजवीच मिळालं.

पण त्याच्या आधीचा सीन बघा. चर्चमधे काळे गावकरी प्रार्थना म्हणताहेत, सूर कसाही. आपण हसावं अशी सोय. चार्ली येतो, ओढलेला चिरूट फेकतो. त्या थोटकावर काळी माणसं तुटून पडतात. पुन्हा हशा. म्हणजे चहाच्या टेबलावर ज्याची लाज आपण वाटून घेतो, त्याच्याही पायाशी थोटूक उचलणारे आहेतच! बाबासाहेबांनी सांगितलेली उतरंड ती हीच.

मग जर्मनांचे शिपाई गाव जाळतात, माणसं हाकून नेतात. या धक्क्यानं भाऊ मरतो. त्याला कबर मिळते, बहिणीचे अश्रू मिळतात, सूड म्हणून पुढचा अख्खा सिनेमा मिळतो. गावकऱ्यांना काय मिळतं? पुढं त्यांची साधी चौकशी नाही. बोटीवर त्यांची एकच खूण उरते. इंजिनात स्क्रूड्रायव्हर अडकलाय, म्हणून चार्ली सारखा लाथा घालतो. कुणी पाडला? एका पोऱ्यानं. बस्स. बोटीचं नाव आफ्रिकन, आणि तिच्यावर आफ्रिकन माणसाची खूण म्हणजे त्याची चूक!

माझा आजा मुंबईत गिरणीच्या बॉयलरवर कोळसा मारायचा. साच्याखात्यात आमच्या माणसाला घेत नसत. बॉबिन बदलताना धागा तोंडानं ओढावा लागे, तो बाटेल म्हणून. मशीन बिघडलं की 'कुणी हात लावला?' हा सवाल मात्र पहिला त्यालाच. म्हणून तो स्क्रूड्रायव्हर माझ्या घशात अडकतो.

हाकून नेलेल्या अशा माणसांचं काय झालं, ते इतिहासात आहे. त्सेत्से माशीनं जनावरं मरत, म्हणून लष्कराचं ओझं माणसाच्या डोक्यावर. एकट्या ब्रिटिशांनी दहा लाखांच्या घरात हमाल राबवले. त्यातले सुमारे ९५ हजार मेले. गोळीनं कमी, हगवणीनं, तापानं, उपासानं जास्त. दार-एस-सलाममधे करिआकू नावाचा बाजार आहे. 'कॅरियर कोअर'चं बोलीत झालेलं ते रूप. सिनेमात मात्र आग लावणारा तेवढा जर्मन. ओझ्याखाली मारणारा इंग्रज कुठंच नाही.

पटकथेत ह्यूस्टनबरोबर जेम्स एजी होता. याच एजीनं अलाबामातल्या कापूस पिकवणाऱ्या गरीब गोऱ्या कुळांवर १९४१ साली पुस्तक काढलं. त्यांच्या घरातली वस्तू न् वस्तू टिपली. म्हणजे डोळा होता. मग इथं तो का मिटला?

सिनेमावाले मित्र म्हणतात, अरे, प्रेमकथा आहे, मजा घे. घेतली ना! रोझ दारूच्या बाटल्या नदीत ओतते तेव्हा मीही हसलो. सिनेमा बघू नका असं मी म्हणत नाही. बघाच. शेवटी गळ्यात फास असताना दोघांचं लग्न लागतं, नौका बुडते, दोघं पोहत निघतात. टाळ्या वाजवा. फक्त एक करा. गाव जळताना पाणी प्यायला उठू नका.