न दिलेलं घ्यायचं नाही



माझी भाची एमबीबीएस करते आहे. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्ह आली, म्हणजे काही आठवडे मुलांना आवडीच्या विषयात, अगदी संशोधनातही काम करता येतं. तिला बाहेरच्या एखाद्या संशोधन पथकात जायचं आहे. घरातले म्हणतात, तेवढ्या वेळात नीट पीजीचा अभ्यास कर. माझं मत, तिने जावंच. पण अचौर्य व्रत सोबत घेऊन.

अदत्त, म्हणजे न दिलेलं, घ्यायचं नाही हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग कुणाचं रक्त, कुणाच्या घरातली माहिती? कागदावर सही घेतली म्हणजे दिलं असं होत नाही. कशासाठी हवंय ते मराठीत समजावलं, "नको" म्हणायची मोकळीक ठेवली, तरच ते दिलेलं.

आमच्या दाभोळच्या आळीत काही वर्षांपूर्वी शिकाऊ मुलं रक्त तपासायला आली होती. बायका उपाशीपोटी रांगेत बसल्या. रिपोर्ट आजपर्यंत आला नाही. आता तपासणीचं नाव काढलं की शेजारच्या काकू दार लावून घेतात. उद्या माझी भाची अशाच एखाद्या दारात उभी राहील, तेव्हा तिचा काय दोष?

उलट उदाहरणही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 मध्ये जवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-12 कमी निघालं. पथक तिथून उठून गेलं नाही. मुलं मोठी होईपर्यंत त्यांची तपासणी चालू राहिली आणि 2012 मध्ये त्याच मुलांमध्ये बी-12 देऊन पाहण्याची चाचणी सुरू झाली. आपल्यासारख्या शाकाहारी घरांना याचा थेट उपयोग आहे. बी-12 वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, दुधातून थोडं मिळतं. औषधातलं बी-12 जिवाणूंच्या साहाय्याने तयार होतं, प्राण्यांपासून नाही. फक्त कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं, म्हणून डॉक्टरांना विचारून साधी गोळी मागा.

म्हणून भाचीला मी तीन गोष्टी सांगितल्या. चार आठवड्यांत स्वतःचा नवा अभ्यास उभा करू नकोस, चालू असलेल्या कामात हात लाव. जाण्याआधीच विचार, नैतिक समितीची मंजुरी आहे का आणि रिपोर्ट लोकांना कोण देणार? आणि निघण्यापूर्वी एक संध्याकाळ राखून ठेव, ज्यांच्या ओसरीवर बसलीस त्यांना काय समजलं ते सांगायला.

ज्यांची मुलं डॉक्टर होताहेत, त्या आयांनो, प्रमाणपत्र मिळालं का हे नंतर विचारा. आधी विचारा, "ज्यांनी दिलं, त्यांना तू काय परत दिलंस?"