संडास तुंबला की कुणाला हाक मारायची?

घरात दिवा लागला नाही तर आपण आधी फ्यूज बघतो. नळ गळायला लागला तर वायसर बदलून पाहतो. संडास तुंबला की मात्र पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'अरे, त्या माणसाला बोलवा.' तो माणूस कोण, कुठल्या वस्तीतून येतो, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना ते ठाऊकच असतं. संडास आपला, घाण आपली, पण तिची जबाबदारी आपण पिढ्यान्‌पिढ्या एका जातीच्या पदरात टाकून मोकळे झालो आहोत.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास टॉवेल-चादरींच्या मागांवर राबणारी घरं आहेत. गल्लीत तेलुगू, कन्नड, दखनी आणि मराठी एकाच वेळी ऐकू येते. भाषा चार, पण संडासाबद्दल बोलताना पदर तोंडाला लावायची रीत एकच. म्हणून आज उघडच लिहिते.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पिंपात साठवलेलं पाणी जपून वापरायची सवय आपल्या हाडात मुरली आहे आणि नेमकी तीच सवय संडासात नडते. मगाने थोडं थोडं पाणी टाकलं की मैला भांड्यातून दिसेनासा होतो, पण पुढच्या आडव्या पाइपात अडकून बसतो. मैला वाहून जातो तो पाण्याच्या जोराने. दहा वेळा मग रिकामा करण्यापेक्षा अर्धी बादली एकदम ओतावी. कपडे धुतलेलं पाणी त्यासाठी ठेवलं तर पिण्याच्या पाण्याला हातही लागत नाही.

तरी तुंबलं, तर आधी नीट बघा. फक्त भांड्यातच पाणी चढतंय की मोरीच्या जाळीतूनही बुडबुडे येताहेत? फक्त भांड्यात चढत असेल तर अडथळा बहुधा जवळच, खालच्या वाकड्या नळीत असतो. रबरी पंपाने दाब दिला की बहुतेक वेळा निघतो. मोरीही उसळत असेल तर बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून बघा. चेंबर भरलेलं असेल तर अडथळा त्याच्या पुढे आहे. कोरडं असेल तर घर आणि चेंबर यांच्या मध्ये. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं. आणि बाहेर निघतं काय? गुटख्याच्या पुड्या, पॅड, हात पुसलेल्या सुताचे बोळे. ते आपणच टाकलेलं असतं.

वास येतोय? त्या वाकड्या नळीत कायम थोडं पाणी थांबलेलं असतं, तेच गटारातला वायू अडवतं. उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस घर बंद राहिलं की ते आटतं आणि वास घरात शिरतो. एक तांब्या पाणी ओतलं की झालं. अत्तर, उदबत्ती लागत नाही.

फ्लशची टाकी गळतेय अशी शंका असेल तर तिच्यात चिमूटभर खाण्याचा रंग टाका. फ्लश न करता अर्ध्या तासाने भांड्यात रंग उतरला, तर आतलं रबर गेलं समजा. बोअरच्या पाण्याने पांढरे थर बसतात, त्यावर लोक अॅसिड ओततात. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद संडासात तो जीव घेऊ शकतो.

या सगळ्याला फार तर हातमोजे आणि थोडा वेळ लागतो. पण मैल्याची टाकी भरली, तर तिथे हिंमत दाखवायची नाही. स्वतः उतरायचं नाही, दुसऱ्यालाही उतरवायचं नाही. आतल्या विषारी वायूने माणूस क्षणात कोसळतो, त्याला काढायला गेलेलाही कोसळतो. तिथे उपसा करणारी गाडीच बोलवायची. सुरक्षेच्या साधनांशिवाय कुणाला टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'पाचशे जास्त देतो, उतर' म्हणणारा घरमालकही त्यातून सुटत नाही.

देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलेले डॉ. मापुस्कर आयुष्यभर संडास या विषयात रमले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एवढा शिकलेला माणूस यात कमीपणा मानत नाही, मग आपला संकोच कशाचा?

आम्हा मुसलमानांच्या घरात तहारतीचे धडे लहानपणीच मिळतात. वजूचं पाणी कसं असावं, कपड्यावर शिंतोडा उडाला तर काय करावं, सगळं तोंडपाठ. पण आपण पाक राहावं म्हणून दुसरा कुणी घाणीत उतरत असेल, तर ती पाकी अर्धीच आहे, असं मला वाटतं. घरोघरची सोवळी पाळणाऱ्यांनाही मी हेच म्हणेन.

शाळेत आपण मुलांना हात धुवायला शिकवतो. त्याच तासाला वाकड्या नळीचं चित्र फळ्यावर काढायला काय हरकत आहे? मुलगे आणि मुली, दोघांसाठी. पोरं आधी खिदळतील. हसू द्यावं, आणि मग रबरी पंप त्यांच्या हातात द्यावा.