सुईणीची सनद

आषाढ-श्रावणात पर्लकोटा नदीला पूर येऊन गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद झाला, की पलीकडच्या एखाद्या माडिया आदिवासी टोल्यावर कळा देणाऱ्या स्त्रीच्या उशाशी अनेकदा गावचीच एखादी वयस्क सुईण बसलेली असते, जिचे नाव आज कोणत्याही सरकारी दप्तरात सापडत नाही. एके काळी सरकारच दायांना शिकवून साहित्याची पेटी देत असे. 2005 साली जननी सुरक्षा योजना आली, प्रसूती रुग्णालयातच व्हावी असे ठरले, आणि सुईण हिशेबातून वजा झाली. धोरणाचा हेतू निःसंशय योग्य होता. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव किंवा गर्भिणीचे झटके सुईणीच्या अनुभवाने आवरत नाहीत, हे ज्याला मान्य नसेल त्याने परंपरेचे गोडवे गाऊ नयेत.

परंतु निरक्षर म्हणून तिला नालायक ठरवणे हा निराळाच न्याय झाला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेला दायांकडून अर्भकांचा न्यूमोनिया ओळखून घ्यायचा होता. मोठी संख्या मोजता न येणाऱ्या बाईने श्वास मोजावेत कसे, या अडचणीवर त्यांनी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओवलेले मणी असे साधन योजले, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोष बाईच्या बुद्धीचा नव्हता, आमच्या साधनांचा होता! पुढे त्याच संस्थेने 39 गावांत गावच्याच स्त्रियांना आरोग्यदूत नेमून दाईच्या जोडीने प्रसूतीला बसवले. नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारी 62 होते, ते 1997-98 पर्यंत सुमारे 25 वर आले, आणि 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो वृत्तांत छापला.

केंद्र सरकारने 2018 मध्ये परिचारिकांना अठरा महिन्यांचे शिक्षण देऊन प्रसूतिसेविका घडवण्याचे धोरण आखले. ते स्वागतार्हच, मात्र बाहेरून आलेल्या प्रसूतिसेविकेला माडिया भाषा येईलच असे नाही, आणि अनोळखी भाषेतल्या दटावणीने भेदरलेली पहिलटकरीण काय सांगणार? आरोग्य केंद्रालगत गर्भिणीसाठी 'माहेरघरे' आहेतच. तेथे तिच्यासोबत तिची सुईणही यावी, प्रसूतिगृहाच्या दारातून तिला आत घ्यावे, धोक्याची लक्षणे दिसताच वर्दी देण्याची जबाबदारी तिच्यावर सोपवावी आणि हजेरीपटावर तिचे नाव घालून रोजमुरा द्यावा. याला इमारत लागत नाही. जिल्हा परिषदेचा एक हुकूम लागतो, तोही पावसाळ्यापूर्वी निघालेला.