एका तिकिटात तीन बॅले

बॅले म्हटलं की आपल्याला ‘स्वान लेक’ आठवतं. या अंकात आम्ही निवडली आहे ती वेगळी संध्याकाळ: अनेक नृत्यरचनाकार, छोट्या रचना, कथा जवळपास नाहीच. अशा रचनांची ही दोन उदाहरणं. १९८७मध्ये पॅरिस ऑपेरासाठी विल्यम फोर्साइथ यांनी मंचावर उंच टांगल्या सोनेरी चेरी, आणि खाली टॉम विलेम्स यांच्या इलेक्ट्रॉनिक संगीतावर नर्तकांना तोल सुटण्याच्या टोकापर्यंत ताणलं. १९९१मध्ये साल्झबर्गला यिरी किलियान यांनी मोझार्टच्या संथ सुरांवर सहा पुरुषांच्या हाती तलवारी दिल्या. दोन्ही रचना अर्ध्या तासात संपतात! मोबाईलवर आज त्यांचे सुटे तुकडेच फिरतात. एकीचा शेजार दुसरीला काय देतो, ते त्यात हरवतं. आमचा भर त्या शेजारावर आहे. कथेविना नाच तुम्हाला भिडतो का? जरूर कळवा.