फेऱ्या कोण मोजतो?



या सदरात आम्ही सहसा आपल्या घरातल्या आणि वस्तीतल्या गोष्टी लिहितो. आज मात्र तुम्हाला जरा दूर नेणार आहोत. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, अटलांटिक महासागराच्या काठी डेटोना बीच नावाचे गाव आहे. तिथे मोटारींच्या शर्यतीचे एक प्रचंड मैदान आहे. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त त्या राज्यात राहतो. त्याच्याकडे गेलो असताना तो आम्हाला ते मैदान दाखवायला घेऊन गेला. आता मोटारींच्या शर्यतीतले आम्हाला काय कळते? आमचा मोटारीशी संबंध बेस्टच्या बसपुरता. पण तिथे एक गोष्ट ऐकली आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

गाव थेट आपल्या कोकणची आठवण करून देणारे. दमट उकाडा, खारा वारा, ताडामाडासारखी झाडे. इथल्या किनाऱ्याची वाळू इतकी घट्ट, की पूर्वी शर्यती त्या वाळूवरच होत. १९३५ साली एका इंग्रज गृहस्थाने इथे ताशी ४४० किलोमीटरहून जास्त वेगाने मोटार पळवली होती. १९५८ नंतर वाळूवरच्या शर्यती थांबल्या आणि १९५९ पासून या नव्या मैदानात सुरू झाल्या.

मैदानाचा फेरा चार किलोमीटरचा. मुख्य शर्यतीत असे २०० फेरे मारायचे, म्हणजे ८०० किलोमीटर! प्रेक्षकांसाठी एक लाखावर खुर्च्या. वळणावर रस्ता ३१ अंशांनी तिरका उभा केलेला. खाली उभे राहून वर पाहिले तर चाळीची भिंत पाहिल्यासारखे वाटते. जत्रेतला 'मौत का कुवा' तुम्ही पाहिलाच असेल. तेच तत्त्व इथे आहे. वेगात वळणारी गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून रस्ताच कलता ठेवायचा. या उतारासाठी लागलेली माती मैदानाच्या मधूनच उपसली. त्या खड्ड्याचे आज मोठे तळे झाले आहे.

मैदान दाखवणाऱ्या माणसाने १९५९ सालच्या पहिल्या शर्यतीची हकिकत मोठ्या रंगात सांगितली. शेवटच्या रेषेवर दोन गाड्या जवळजवळ एकदम आल्या. आधी बोशँप नावाच्या चालकाला विजयी ठरवले. ली पेटी म्हणाला, मीच पुढे होतो. मग काय! फोटो मागवले, चित्रफिती मागवल्या, तीन दिवस तपासणी चालली आणि शेवटी ली पेटीला विजयी घोषित केले. ऐकून आम्हाला बरे वाटले. न्याय असावा तर असा, असे आम्ही म्हणालोही.

पुतण्या नुसता हसला. बाहेर आल्यावर म्हणाला, "काका, आता वेंडेल स्कॉटची गोष्ट ऐका. मग सांगा, न्याय कसा वाटतो ते."

वेंडेल स्कॉट हा कृष्णवर्णीय माणूस. जन्म १९२१ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावचा. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात होता. परत येऊन गाड्या दुरुस्त केल्या. १९५२ मध्ये शर्यतीत उतरला. त्या काळी दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसाला गोऱ्यांच्या हॉटेलात जागा नाही, खाणावळीत ताट नाही. पण गडी हटला नाही. जुन्या, वापरलेल्या गाड्या विकत घ्यायच्या, जुने सुटे भाग जमवायचे आणि स्वतःच्या हाताने इंजिन बांधायचे. चाके बदलायला, पेट्रोल भरायला पोरे हाताशी. दुसऱ्यांकडे पगारी मिस्त्री, याच्याकडे घरचे कुटुंब.

१ डिसेंबर १९६३. डेटोनापासून सुमारे दीडशे किलोमीटरवरचे जॅक्सनव्हिल शहर. मातीचा ट्रॅक. २०० फेऱ्यांची शर्यत. स्कॉटने सगळ्यांना मागे टाकले. दोनशे फेऱ्या पुऱ्या केल्या, पण शेवटचा झेंडा काही हलेना. तो तसाच पळत राहिला आणि २०२ फेऱ्या झाल्या. झेंडा दाखवला तो बक बेकर या गोऱ्या चालकाला, जो दोन फेऱ्यांनी मागे होता! ट्रॉफी बेकरला, फोटो बेकरचे, टाळ्या बेकरला. स्कॉटने दाद मागितली. काही तासांनी, मैदान रिकामे झाल्यावर, अधिकाऱ्यांनी कबूल केले की मोजणीत चूक झाली होती. बक्षिसाचे पैसे मिळाले, ट्रॉफी मिळाली नाही. विजेत्या चालकाने सौंदर्यराणीचे चुंबन घ्यायची तिथे प्रथा होती. काळ्या माणसाने गोऱ्या मुलीचे चुंबन घेतलेले लोकांना खपले नसते, म्हणून हे सारे केले, असे स्कॉटचे मत होते.

बंधू-भगिनींनो, पाहा. गोऱ्या माणसाचा विजय काही फुटांचा होता, त्यासाठी तीन दिवस फोटो तपासले. काळ्या माणसाचा विजय दोन फेऱ्यांचा होता, तो मात्र कोणाच्या डोळ्यांना दिसला नाही!

स्कॉट १९७३ पर्यंत पळत राहिला. त्या साली मोठ्या अपघातात जायबंदी झाला. एकूण ४९५ शर्यती, १४७ वेळा पहिल्या दहांत. १९९० मध्ये तो वारला. शर्यती भरवणाऱ्या नॅस्कार संस्थेने त्याच्या विजयाची ट्रॉफी त्याच्या घरच्यांच्या हाती दिली, ती २८ ऑगस्ट २०२१ रोजी, याच डेटोनाच्या मैदानावर. म्हणजे जवळजवळ ५८ वर्षांनी! दुसऱ्या दिवशी त्याची जन्मशताब्दी होती. त्याच साली ऑक्टोबरात बब्बा वॉलेस हा कृष्णवर्णीय तरुण टॅलाडेगा येथे जिंकला. स्कॉटनंतर त्या वरच्या पातळीवर जिंकणारा तो पहिलाच.

हे ऐकताना आम्हाला आपले पालवणकर बाळू आठवले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. गोलंदाज म्हणून ते सगळ्यांना हवे होते, पण पुण्याला खेळताना चहा मात्र तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ साली. आपले आणि काळ्या बांधवांचे दुःख सारखे आहे हे बाबासाहेबांनी केव्हाच ओळखले होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले, ते उगाच नाही.

परतीच्या वाटेवर आम्हाला आमच्या वडिलांची गिरणी आठवत होती. वडिलांनी सुरुवातीची सात वर्षे बदली कामगार म्हणून काढली. रोज पहाटे दारात जाऊन उभे राहायचे, काम मिळाले तर आत. निवृत्तीच्या वेळी कचेरीने हिशेब काढला, तर ही सात वर्षे त्यात नव्हतीच! आमची आई अंगठेबहाद्दर. पण तिने पगाराच्या चिठ्ठ्या पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. त्या घेऊन वडिलांनी सहा महिने खेटे घातले. चार वर्षे मान्य झाली. तीन वर्षांच्या चिठ्ठ्या एका पावसाळ्यात भिजून लगदा झाल्या होत्या. त्या तीन वर्षांचा घाम गेला तो गेलाच.

म्हणून आम्हाला वाटते, नुसते जोरात पळून भागत नाही. फेऱ्या मोजणारा कोण, वही कोणाच्या हातात, हेही पाहावे लागते. मोक्याच्या जागांवर आपली माणसे गेली पाहिजेत, हे आपल्या चळवळीत वारंवार का सांगितले जाते, ते यातून कळते.

आणि वही आपलीही असावी. याच डेटोनात १९०४ साली मेरी मॅक्लिऑड बेथ्यून नावाच्या बाईने दीड डॉलर भांडवलावर, पाच मुली घेऊन शाळा काढली. तिचे आईबाप गुलामगिरीत राबलेले. खोक्यांची बाके केली, रताळ्याच्या गोड कचोऱ्या विकून पैसे उभे केले. आज तिथे विद्यापीठ आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या संसद भवनात फ्लोरिडाच्या वतीने तिचा पुतळा बसला. कोणाच्या जागी? गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या फौजेच्या एका सेनापतीच्या जागी!

तेव्हा भगिनींनो, या रविवारी एवढे करा. विहारातून आल्यावर घरातली ट्रंक उघडा. जातीचा दाखला, मुलांचे निकाल, प्रॉव्हिडंट फंडाचे कागद, पगाराच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या पिशव्यांत घाला. ओल लागणार नाही अशा जागी ठेवा आणि कोणता कागद कुठे आहे ते थोरल्या मुलीला दाखवून ठेवा. मुलगा शर्यतीत पळत असेल तर त्याच्या फेऱ्या आपणही मोजा, मोठ्याने मोजा.

स्कॉटची ट्रॉफी घरी आली, पण ती हातात घ्यायला स्कॉट नव्हता. आपल्या पोरांच्या बाबतीत असे होऊ नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

जयभीम!